क्रिकेटचं हेल्मेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवार-रविवारी सकाळी मी मुलांच्या नेट्सवर उभा असतो. शिक्षण मेकॅनिकल इंजिनीअरिंगचं, त्यामुळे कुणाचं हेल्मेट तडकलं, चेहऱ्यासमोरची ग्रिल वाकली, पट्टा तुटला की ते माझ्याकडे येतं. सोबत प्रश्नही येतात आणि ते बहुतेक वेळा तेच असतात. इथे ते सोप्यापासून अडचणीच्या प्रश्नांपर्यंत क्रमाने लावले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सीझन बॉल (चामड्याचा कडक चेंडू) डोक्याला लागला तर नक्की किती जोरात लागतो?

पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असतो. हातात घेतला तर फार जड वाटत नाही. पण चेंडूतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. डोक्यापाशी चेंडूचा वेग ताशी ९० किलोमीटर असेल, तर त्यात साधारण ५० ज्यूल ऊर्जा असते. दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली अडीच मीटर उंचीवरून डोक्यावर पडली तर एवढीच ऊर्जा येते. शिवाय बाटली चेपते आणि मार पसरतो. चेंडूचा सगळा मार मात्र रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर बसतो.

ताशी ९० म्हणजे शाळेच्या संघातला बरा वेगवान गोलंदाज. हाच वेग १३० झाला की ऊर्जा दुपटीच्याही वर जाते. टप्पा पडल्यावर चेंडूचा वेग बराच कमी होतो हे खरं, पण फुलटॉसला ती सवलत नसते. नेट्समध्ये घामाने निसटलेले बीमर, म्हणजे टप्पा न पडता थेट अंगावर येणारे चेंडू, मी पुरेसे पाहिलेत.

२. मग एवढंसं प्लास्टिक आणि फोम हा मार कसा थोपवतात?

हेल्मेट दोन कामं करतं. बाहेरचं कडक कवच (एबीएस प्लास्टिक, फायबर ग्लास किंवा कार्बन फायबर) एका बिंदूवर आलेला मार मोठ्या भागावर पसरवतं. आतला फोम चेंडूला थांबण्यासाठी थोडा वेळ मिळवून देतो.

हा वेळच महत्त्वाचा. समजा, ताशी ९० किलोमीटरचा चेंडू कवटीवर आपटून एका मिलिसेकंदात थांबला. त्या क्षणी सरासरी जोर साधारण ४०० किलो वजनाइतका होतो. फोम चेपत गेल्याने तीच क्रिया तीन मिलिसेकंद चालली, तर जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. चेंडू तोच आणि वेगही तोच, फक्त दोन मिलिसेकंद जास्त मिळाले.

बऱ्याच हेल्मेटांतला कडक पांढरा फोम म्हणजे ईपीएस, आपल्या थर्माकोलचाच दाट प्रकार. तो चेपून, चिरडून ऊर्जा खातो. एकदा चिरडला की परत फुगत नाही, हे लक्षात ठेवा. प्रश्न १५ मध्ये ते लागणार आहे.

३. पूर्वी तर कुणीच हेल्मेट घालत नव्हतं. गावसकरांचं काही अडलं का?

आजोबा मंडळींचा हा आवडता प्रश्न आणि त्यातला अभिमान मला कळतो. सुनील गावसकरांनी वेस्ट इंडीजविरुद्ध १३ कसोटी शतकं केली, तीही हेल्मेटशिवाय. पण कारकिर्दीच्या उत्तरार्धात तेही डोक्याला कवटीसारखं बसणारं संरक्षण घालू लागले, हे सांगायचं बहुतेकदा राहून जातं.

आता दुसरी बाजू. मार्च १९६२, बार्बाडोस. भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू बसला आणि कवटी फुटली. तातडीने शस्त्रक्रिया झाली. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, तसेच आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगरही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. पुढे त्यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी २०२२ मध्ये मुंबईत काढली, म्हणजे जवळपास ६० वर्षांनी.

त्याच ब्रिजटाउनला मार्च १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप कसोटीत हेल्मेट घालून उतरला. कसोटी क्रिकेटमधलं ते पहिलं हेल्मेट. मग १९८१ मध्ये सिडनीत संदीप पाटील. हेल्मेट नव्हतं, ६५ वर खेळत होते, लेन पास्कोचा चेंडू कानाजवळ बसला आणि ते खेळपट्टीवर कोसळले. पुढच्याच कसोटीत ॲडलेडला हेल्मेट घालून त्यांनी १७४ धावा काढल्या. ही खेळी आपण अभिमानाने सांगतो. ती सांगताना हेल्मेटचाही उल्लेख व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

४. हेल्मेटच्या आत ‘बीएस ७९२८:२०१३’ असं लिहिलेलं असतं. ते काय आहे?

क्रिकेट हेल्मेटसाठीचं ब्रिटिश मानक. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०१७ पासून हेल्मेट घालायचं तर ते याच मानकाचं असावं लागतं. खरेदी करताना मी सगळ्यात आधी हाच आकडा बघतो. स्टिकर हेल्मेटच्या आतल्या बाजूला असतं. ‘७९२८’ नंतर २०१३ आहे ना, हे जरूर पाहा. आधीच्या मानकाचं हेल्मेट म्हणजे वेगळ्या, सोप्या परीक्षेत पास झालेलं हेल्मेट.

२०१३ मध्ये काय बदललं ते प्रश्न ५ मध्ये, आणि स्टिकरवर चेंडूचा आकार का लिहितात ते प्रश्न ६ मध्ये.

५. ही हेल्मेटं तपासतात कशी? आणि २०१३ मध्ये असं काय सापडलं?

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात क्रीडा तंत्रज्ञानावर बरीच वर्षं काम चालू आहे. क्रिकेट हेल्मेटच्या नव्या मानकाला तिथल्या संशोधनाचा मोठा आधार आहे. त्याच सुमारास संशोधकांनी व्यावसायिक सामन्यांत हेल्मेट असूनही फलंदाज जखमी झाल्याचे ३५ व्हिडिओ एकेक करून तपासले. चेंडू नेमका कुठे लागला आणि हेल्मेटचं पुढे काय झालं, एवढाच प्रश्न होता.

त्यातून तीन गोष्टी वारंवार दिसल्या. एक, चेंडू पीक (कपाळावर पुढे आलेली हेल्मेटची कड) आणि ग्रिल यांच्या फटीतून आत शिरतो. दोन, चेंडू बाहेरच थांबतो पण ग्रिलच मागे दबून चेहऱ्यावर आपटते. तीन, चेंडू कवचाच्या मागच्या-खालच्या बाजूला लागतो, जिथे संरक्षण संपतं. कवच फुटून कवटीला इजा, ही भीती सगळ्यांच्या मनात असते. पण अडचण बरीचशी चेहऱ्यापाशी होती.

म्हणून २०१३ च्या मानकात पहिल्यांदाच खऱ्या आकाराचा चेंडू ग्रिलवर डागण्याची चाचणी आली. हेल्मेट माणसाच्या डोक्याच्या साच्यावर बसवतात, हवेच्या दाबावर चालणाऱ्या तोफेतून वेगवेगळ्या दिशांनी चेंडू सोडतात आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपतात. चेंडू आत शिरला किंवा ग्रिल साच्याच्या चेहऱ्याला टेकली, तर हेल्मेट नापास. कवच आणि फोमसाठी हेल्मेट ठरावीक उंचीवरून ऐरणीसारख्या ठोकळ्यावर आपटण्याची चाचणी वेगळी होते. तिथे साच्यातला संवेदक डोक्याला किती धक्का पोचला ते मोजतो.

६. मोठ्या मुलाचं चांगलं हेल्मेट आहे. पट्टा आवळून धाकट्याला दिलं तर चालेल का?

नाही. आणि कारण फक्त सैल बसण्याचं नाही.

पुरुषांच्या चेंडूचा परीघ २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असतो, म्हणजे व्यास ७१ ते ७३ मिलिमीटर. १३ वर्षांखालच्या मुलांचा चेंडू २०.५ ते २२ सेंटिमीटर परिघाचा, म्हणजे ६५ ते ७० मिलिमीटर व्यासाचा. मोठ्यांच्या हेल्मेटची फट मोठ्यांचा चेंडू अडवण्यासाठी ठरवलेली असते. लहान चेंडू त्या फटीतून जाऊ शकतो. म्हणूनच मानकात दोन वेगळ्या चाचण्या आहेत: साडेपाच औंसाच्या चेंडूची आणि पावणेपाच औंसाच्या चेंडूची. कोणत्या चेंडूवर तपासलंय हे स्टिकरवर लिहिलेलं असतं.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. मुलांच्या एका सामन्यात किटबॅगेतलं सामाईक हेल्मेट घालून एक डावखुरा मुलगा पुल मारायला गेला. जुनं, मोठ्यांचं हेल्मेट, ग्रिल स्क्रूने खालीवर करता येणारी, आणि कुणीतरी ती अगदी खालच्या भोकात बसवलेली. चेंडू बॅटच्या वरच्या कडेला लागून वर उसळला, पीकखालून आत गेला आणि भुवईवर बसला. चार टाके. डोळा वाचला. रात्री घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ते हेल्मेट ठेवलं आणि फटीला व्हर्नियर लावला: ६९ मिलिमीटर. खिशात त्या दिवसाचाच चेंडू होता. त्याचा व्यास ६७. मी तो फटीतून सहज आत-बाहेर करून पाहिला. मग मोठ्यांचा चेंडू घेतला, तो अडला. माझ्याच देखरेखीखालची किटबॅग होती आणि फट मोजायचं मला कधी सुचलं नव्हतं.

तेव्हापासून मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येक हेल्मेट मी त्या वयोगटाच्या चेंडूने तपासतो. चेंडू हाताने दाबून फटीत घालून बघायचा. नुसता अडला म्हणजे झालं असं नाही, कारण वेगात आल्यावर चेंडू थोडा चेपतो आणि ग्रिलही थोडी वाकते. फट चेंडूपेक्षा चांगलीच अरुंद हवी.

७. माप कसं घ्यायचं? मुलगा वाढतोय, एक माप मोठं घेऊ का?

शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घेतात तसं हेल्मेट घेऊ नका. कपाळावर भुवयांच्या बोटभर वरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून टेप फिरवा. येईल त्या सेंटिमीटरचं माप घ्या. घातल्यावर हनुवटीचा पट्टा न लावता मुलाला जोरात मान हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरायला हवं, डोक्यावर फिरता कामा नये. मागचा स्क्रू पूर्ण आवळल्यावरच घट्ट होत असेल, तर ते माप मोठं आहे.

पट्टा लावल्यावर हनुवटीखाली एक बोट जावं. बरीच मुलं पट्टा लोंबकळत ठेवतात. तसं हेल्मेट पहिल्या धक्क्यालाच जागेवरून सरकतं आणि दुसरा धक्का, म्हणजे जमिनीवर पडण्याचा, उघड्या डोक्याला बसतो.

८. ग्रिलमुळे चेंडू नीट दिसत नाही अशी तक्रार आहे. ग्रिल जरा खाली वाकवली तर?

अजिबात नको. फट वाढवणं म्हणजे प्रश्न ५ मधला पहिला धोका विकत घेणं. २०१४ मध्ये मँचेस्टरला वरुण आरोनचा बाउन्सर इंग्लंडच्या स्टुअर्ट ब्रॉडच्या पीक आणि ग्रिलमधून आत घुसला आणि त्याचं नाक मोडलं. तो आंतरराष्ट्रीय खेळाडू होता आणि हेल्मेट घालून होता.

दिसत नाही ही तक्रार मात्र झटकून टाकू नका. बहुतेक वेळा हेल्मेट पुढे कलंडलेलं असतं किंवा माप चुकलेलं असतं. आधी प्रश्न ७ प्रमाणे तपासा. तरीही आडवी कांब नेमकी डोळ्यासमोर येत असेल, तर दुसऱ्या कंपनीचं हेल्मेट घालून बघा. प्रत्येकाची ग्रिल थोडी वेगळी असते. नव्या ग्रिलची सवय व्हायला आठवडाभर नेट्स लागतात, तेवढा वेळ द्या.

९. स्टीलची ग्रिल घ्यावी की टायटॅनियमची?

दोन्ही त्याच चाचणीत पास झालेल्या असतील तर संरक्षणात फरक मानू नका. टायटॅनियमची घनता स्टीलच्या निम्म्याहून थोडी जास्त असते, त्यामुळे ग्रिल हलकी होते. दिवसभर फलंदाजी करणाऱ्याच्या मानेला तो फरक जाणवतो. १२ वर्षांच्या मुलासाठी त्यात पैसे घालू नका. ते पैसे नेक गार्डला ठेवा (प्रश्न ११).

१०. महाग हेल्मेट म्हणजे जास्त सुरक्षित का?

किंमत बऱ्याचदा वजन, अस्तर, हवेची भोकं आणि नाव यांची असते. मानकाचं स्टिकर आणि अचूक माप असलेलं साधं हेल्मेट हे सैल बसणाऱ्या महागड्या हेल्मेटपेक्षा कितीतरी चांगलं.

११. मानेचं संरक्षण, म्हणजे नेक गार्ड, खरंच लागतं का?

माझं मत स्पष्ट आहे: लागतं.

२५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीत ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिल ह्यूज ६३ धावांवर खेळत होता. बाउन्सरवर हूक मारताना चेंडू चुकला आणि डाव्या बाजूला मानेवर, हेल्मेटच्या खाली लागला. मेंदूकडे रक्त नेणारी, मानेच्या मणक्यांतून जाणारी धमनी फाटली आणि मेंदूभोवती रक्तस्राव झाला. दोन दिवसांनी तो गेला. २६ वर्षं पूर्ण व्हायला तीनच दिवस बाकी होते.

तो जुन्या मॉडेलचं हेल्मेट घालून होता, म्हणून तेव्हा बरीच चर्चा झाली. पण चेंडू जिथे लागला ती जागा त्या वेळच्या नव्या हेल्मेटनेही पूर्ण झाकली असती असं नाही. मान पूर्ण जखडून टाकली तर फलंदाज चेंडूकडे बघणार कसा, हा यातला पेच. उत्तर म्हणून हेल्मेटच्या मागच्या कडेला अडकवायचे फोम आणि प्लास्टिकचे मऊ, वाकणारे तुकडे आले. मान वळली की ते वाकतात, चेंडू लागला की मार खातात. २०१९ मध्ये ब्रिटिश मानकातही नेक गार्डची चाचणी घातली गेली. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२३ पासून वेगवान गोलंदाजीसमोर नेक गार्ड सक्तीचा केला.

सुरुवातीला बऱ्याच नामवंतांना तो नकोसा वाटायचा. स्टीव्ह स्मिथने २०१९ मध्ये लॉर्ड्सवर तो लावला नव्हता आणि जोफ्रा आर्चरचा ताशी १४८ किलोमीटरचा चेंडू नेमका मानेवर बसला. मुलांना मी पहिल्या दिवसापासून गार्ड लावूनच हेल्मेट देतो. ज्यांनी त्याशिवाय हेल्मेट घातलेलंच नाही, त्यांची तक्रारही नसते. फक्त गार्ड तुमच्या हेल्मेटच्या कंपनीचा आणि त्याच मॉडेलसाठीचा घ्या. दुसऱ्याचा बसवला तर धक्क्याला निसटतो.

१२. हेल्मेट असूनही मेंदूला हादरा, म्हणजे कन्कशन, का होतं?

कवटी आणि मेंदू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, हे काम ते फार चांगलं करतं. पण मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो. चेंडू तिरका लागला की डोकं झटक्यात फिरतं, मेंदू किंचित मागे राहतो आणि त्यातल्या बारीक तंतूंवर ताण येतो. भरल्या तांब्याला एकदम पीळ दिला तर तांब्या फिरतो, आतलं पाणी जागेवरच राहू बघतं, तसंच काहीसं.

हा पीळ कमी करणं हे हेल्मेट बनवणाऱ्यांपुढचं आजचं अवघड काम आहे. फोम सरळ धक्का छान झेलतो, डोकं फिरवणारा धक्का तितका नाही. म्हणून ‘हेल्मेटला लागला, काही झालं नाही’ हे वाक्य मैदानावर ऐकलं की मी खेळ थांबवतो.

१३. हेल्मेटवर चेंडू लागला. मुलगा म्हणतो ठीक आहे. पुढे काय करायचं?

त्याच्या शब्दावर जाऊ नका. संघात टिकायचं असतं, म्हणून प्रत्येक मुलगा ‘ठीक आहे’च म्हणतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, अंधुक दिसणं, गोंधळल्यासारखं बोलणं, आधीच्या षटकात काय झालं ते न आठवणं, यातलं एकही दिसलं तरी त्या दिवशी खेळ बंद. कन्कशनसाठी बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. बहुतेक जण पडत नाहीत.

लक्षणं उशिराही येतात. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात मिचेल स्टार्कचा चेंडू लागला. त्याने षटक खेळून काढलं, चक्कर ड्रेसिंगरूममध्ये गेल्यावर जाणवली. प्रश्न ११ मधला स्मिथ त्याच डावात परत खेळायला आला होता, त्रास दुसऱ्या दिवशी उठल्यावर झाला. म्हणून मुलाला पुढचे दोन दिवस एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना दाखवा. पुन्हा खेळायचं कधी ते डॉक्टर ठरवतील, प्रशिक्षक किंवा बाबा नाही.

वारंवार उलटी, वाढत जाणारी गुंगी, फिट येणं, दोन्ही बाहुल्या वेगवेगळ्या आकाराच्या दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखा द्रव येणं: यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघू नका. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ ला फोन करा.

१४. कन्कशनचा बदली खेळाडू नक्की कसा मिळतो? पुण्यात त्यावरून वाद का झाला?

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये १ ऑगस्ट २०१९ पासून हा नियम आहे. जखमीच्या जागी येणारा खेळाडू गोलंदाजीही करतो, फलंदाजीही. पण तो शक्यतो त्याच प्रकारचा असावा लागतो आणि परवानगी सामनाधिकारी देतात. स्मिथच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन हा कसोटीतला पहिला. जडेजाच्या जागी युझवेंद्र चहल आला आणि तीन बळी घेऊन सामनावीर ठरला.

३१ जानेवारी २०२५ ला पुण्यात, गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू लागला आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला. दुबे फलंदाजी अष्टपैलू, राणा अस्सल वेगवान गोलंदाज. राणाने तीन बळी घेतले आणि इंग्लंडची नाराजी जाहीर झाली. माझ्या मते वाद ‘त्याच प्रकारचा’ या शब्दांचा होता, दुबेला बाहेर काढण्याचा नव्हता. त्यानंतर आयसीसीने संघांना असे बदली खेळाडू सामन्याआधीच जाहीर करायला सांगितलं, आणि कन्कशन झालेल्याला किमान सात दिवस विश्रांती सक्तीची केली.

स्थानिक स्पर्धांत हा नियम असेलच असं नाही. नसेल तर दहा जणांनी खेळा.

१५. जोरात चेंडू लागला पण हेल्मेटला बाहेरून ओरखडाही नाही. वापरू का?

अस्तर काढून आत बघा. मी उघडलेल्या एका हेल्मेटचं कवच नव्यासारखं चकचकीत होतं. आत कानाच्या वर फोमला पन्नास पैशांएवढा खळगा आणि त्यातून केसासारख्या तीन भेगा. अंगठ्याने दाबल्यावर तेवढाच भाग मऊ लागला. प्रश्न २ मध्ये सांगितलं तसं, चिरडलेला ईपीएस परत फुगत नाही. त्याच जागी पुढचा चेंडू लागला तर तिथे कवच आहे, पण चेपायला फोम उरलेला नाही.

जोराचा मार बसलेलं हेल्मेट बदला. ग्रिल वाकली असेल तर ठोकून सरळ करू नका, कंपनीची नवी बसवा. हेल्मेट गाडीच्या डिकीत उन्हात ठेवण्याची सवयही मोडा, उष्णतेने फोम आणि गोंद दोन्ही खराब होतात. आणि जुनं, वापरलेलं हेल्मेट विकत घेऊ नका. त्याने काय सोसलंय ते तुम्हाला कुणी सांगणार नाही.

१६. टेनिस बॉलला हेल्मेट लागतं का?

साधा टेनिस बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा आणि चेपणारा, त्याला नाही. पण स्पर्धांमध्ये हल्ली वजनदार टेनिस बॉल सर्रास वापरतात. तो डोळ्यावर बसला तर इजा करू शकतो. लहान मुलांना त्यासाठी तरी हेल्मेट द्या.

१७. कीपर आणि शॉर्ट लेगवाल्यांचं (फलंदाजाच्या अगदी जवळ उभ्या क्षेत्ररक्षकांचं) काय?

फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्लब सामना खेळताना भारताचे माजी फलंदाज रमण लांबा शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभे राहिले. फटका थेट कपाळाच्या बाजूला बसला. तीन दिवसांनी ते गेले. षटकाचे थोडेच चेंडू राहिले होते, म्हणून त्यांनी हेल्मेट मागवलं नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. मुलांना मी हे दर मोसमात सांगतो.

१ जून २०२३ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत तिघांना हेल्मेट सक्तीचं आहे: वेगवान गोलंदाजी खेळणारा फलंदाज, यष्टींजवळ उभा राहणारा कीपर आणि फलंदाजाच्या समोर जवळ उभा असलेला क्षेत्ररक्षक.

१८. मुलींनी कोणतं हेल्मेट घ्यावं?

महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा आणि २१ ते २२.५ सेंटिमीटर परिघाचा, म्हणजे पुरुषांच्या आणि मुलांच्या चेंडूंच्या मधला. फक्त पुरुषांच्या चेंडूवर तपासलेल्या हेल्मेटच्या फटीबद्दल खात्री देता येत नाही, आणि मुलांचा चेंडू वजनाने हलका. म्हणून स्टिकरवर दोन्ही चेंडूंची नोंद असलेलं हेल्मेट घ्या. मुलांच्या संघातून खेळणाऱ्या मुलींनाही हेच लागू.

१९. सायकलचं किंवा स्कूटरचं हेल्मेट नेट्समध्ये चालेल का?

नाही. ती रस्त्यावर पडण्यासाठी बनवलेली असतात, आणि सीझन बॉलसमोर लागणारी ग्रिल त्यांना नसते.

२०. चष्मा असेल तर?

काचेचा चष्मा हेल्मेटखाली घालू नका. पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचा चष्मा करून घ्या, आणि हेल्मेट विकत घेताना तो डोळ्यांवर असू द्या.

२१. हेल्मेटमुळे फलंदाज बेफिकीर झाले, चेंडूवरची नजर काढतात. हे खरं नाही का?

यात तथ्य आहे. हेल्मेट नसताना बाउन्सर आला की नजर चेंडूवर ठेवून डोकं बाजूला न्यायचं, हे अंगात भिनवावंच लागायचं. आज कितीतरी मुलं डोळे मिटून मान फिरवतात. मान फिरवली की चेंडूसमोर येतो तो डोक्याचा मागचा भाग, जिथे कवच संपतं. म्हणजे वाईट तंत्र हेल्मेटचा सगळ्यात कमकुवत भाग पुढे करतं.

पण उपाय हेल्मेट काढणं नाही. मी ओल्या टेनिस बॉलने, हेल्मेट घालूनच, चुकवण्याचा सराव घेतो. चेंडू पूर्ण जाईपर्यंत बघायचा आणि गेल्यावर त्यावर रंगाने लिहिलेला आकडा सांगायचा. दोन आठवड्यांत मुलं आकडा ओळखू लागतात.

२२. क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून उडालेला झेल बाद असतो का? आणि जमिनीवर ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला तर?

क्षेत्ररक्षकाने घातलेल्या हेल्मेटला लागून चेंडू जमिनीवर न पडता पकडला, तर २०१७ च्या नियमांपासून बाद. जमिनीवर ठेवलेल्या हेल्मेटला खेळातला चेंडू लागला, तर फलंदाजी करणाऱ्या संघाला पाच धावा. म्हणून ते कीपरच्या मागे सरळ रेषेत ठेवतात.

२३. फलंदाज सोडून बाकीच्यांना धोका नाही ना? मी स्वतः मुलाला थ्रोडाउन देतो, म्हणजे जवळून चेंडू फेकून सराव देतो.

सगळ्यात कमी विचारला जाणारा, पण मला सगळ्यात जवळचा प्रश्न. पंच ब्रूस ऑक्सनफर्ड हाताला पारदर्शक प्लास्टिकची ढाल बांधून उभे राहायचे, कारण सरळ मारलेले फटके आता फार वेगाने परत येतात. नेट्समध्ये तर तुम्ही गोलंदाजापेक्षा बरेच पुढे उभे असता. साइडआर्मच्या काठीने चेंडू फेकल्यावर तोल पुढे गेलेला असतो आणि हात रिकामे नसतात. दहा-बारा मीटरवरून सरळ फटका आला तर हात वर यायलाही वेळ मिळत नाही. जाळीच्या चौकटीमागून टाका. चौकट नसेल तर तुम्हीही हेल्मेट घाला, मी घालतो. आणि शेजारच्या नेटमध्ये पाठमोरं उभं राहून फोनवर बोलणाऱ्या पालकांना आधी जाळीबाहेर काढा.